वहिवाट

पूर्वी घर वेगळं झालं, हे ओळखायची खूण सोपी होती. चुली दोन झाल्या की गावाला कळे, भाऊ विभक्त झाले. हल्ली शेगडी एकच असते, डबे एकाच ओट्यावर भरले जातात, दिवाळीच्या करंज्या एकाच परातीत पडतात, आणि तरीही एका छपराखाली तीन स्वतंत्र राज्यं नांदत असतात. आमच्याकडची राज्यं अशी : मुलाच्या लॅपटॉपवर विंडोज, सूनबाईंच्या टेबलावर मॅक, आणि माझ्या वाट्याला आलेल्या वयस्कर संगणकावर उबुंटू लिनक्स. हे उबुंटू फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या यंत्रावरही चालतं. तेव्हा आम्हां दोघांचं, म्हणजे यंत्राचं आणि माझं, बरं जमलं आहे.

या माझ्या यंत्राला दोन टेराबाइटची डिस्क आहे. म्हणून घरातलं कोठार तेच व्हावं असं ठरलं. लग्नाचे फोटो, नातवाचे दाखले, विजेची बिलं, सोसायटीच्या पावत्या, सारं तिथे ठेवायचं आणि ज्याला जे हवं ते त्याने आपल्या जागेवर बसून घ्यायचं. बेत उत्तम होता. फक्त तो यंत्रांना मान्य नव्हता. फोल्डर दिसे, पण उघडत नसे. कधी उघडे, तर त्यात काही ठेवता येत नसे. कधी ठेवता येई, तर ज्याने ठेवलं त्याच्यावाचून दुसऱ्या कुणाला त्यातला काना-मात्राही बदलता येत नसे. वाण्याच्या दुकानातल्या काचेच्या बरणीतल्या गोळ्यांकडे पोरांनी पाहावं, तशी आमची मोठी माणसं कोठाराकडे पाहत बसत.

यात दोष कुणाचाच नव्हता. तिघांचे संस्कार वेगळे, एवढंच. लिनक्सचा पूर्वज युनिक्स. तो १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून जन्माला आला. एकाच यंत्रावर पुष्कळ माणसांनी काम करायचं, असे ते दिवस. साहजिकच कुणाचं काय आणि कुणी कशाला हात लावायचा, हे त्याने लहानपणीच शिकून घेतलं. विंडोजचं पूर्वायुष्य एका टेबलावर एका माणसाबरोबर गेलं. जिथे माणूसच एक, तिथे परवानगी मागायची कुणाची? त्या घराण्यात हक्कांची तपशीलवार यादी आली ती १९९३ साली, विंडोज एनटीबरोबर. आणि मॅक २००१ पासून युनिक्सच्या गोत्रात आला, पण राहणी स्वतःची ठेवून. अशा तिघांना एका पंगतीला बसवायचं, तर पाट कुणी कुठे मांडायचा याचा घोळ व्हायचाच.

शेवटी दुरुस्तीला एक तरुण आला. हसतमुख, चटपटीत. चहा निवायच्या आत त्याने सगळं मोकळं करून दिलं आणि म्हणाला, “काका, आता कटकटच नाही. सातशे सत्त्याहत्तर करून टाकलंय.”

हा आकडा म्हणजे काय, ते सांगायला हवं. युनिक्सच्या घरी हक्क तीन. वाचण्याचे चार गुण, लिहिण्याचे दोन, आणि तिसऱ्या एका हक्काचा एक गुण. त्या तिसऱ्याची गोष्ट पुढे येईल. तिन्ही मिळाले की सात. माणसांचे वर्गही तीनच : मालक, मालकाचा गट आणि उरलेलं जग. म्हणून प्रत्येक वस्तूच्या कपाळी तीन आकडे लिहिलेले असतात. ७७७ म्हणजे मालकाला सगळं, गटाला सगळं आणि वाटेवरच्या वाटसरूलाही सगळं. घराच्या किल्ल्या हरवतात म्हणून दारंच काढून ठेवावी, तसा हा उपाय. पण सगळ्यांचं काम चालू लागलं, आणि चालतं आहे तोवर घरात कुणी हिशेब मागत नाही.

त्या कोठारात एक फोल्डर होतं, ‘आईच्या ओव्या’ नावाचं. १९८४ सालच्या दिवाळीत वाईच्या घरी मी आईच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. सहा कॅसेटी. आई पुढे पाच वर्षांनी गेली. कॅसेटी मी जपल्या आणि २०१६ साली त्या संगणकावर उतरवून घेतल्या. पुढच्या दोन पावसाळ्यांत फितींना बुरशी लागली. त्या आता वाजत नाहीत. ज्या डिस्कवर दुसरी प्रत होती तीही बंद पडली. म्हणजे आईचा आवाज जगात उरला तो या सहा फायलींत.

आमचा नातू चौदा वर्षांचा आहे. भाऊबीजेला माझी थोरली बहीण येणार, तिला काहीतरी भेट द्यावी असं त्याच्या मनात आलं. जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर काढून टाकणारा एक प्रोग्रॅम त्याच्याकडे होता. पोराने दोन रात्री बसून पहिली फाइल स्वच्छ केली आणि त्याच नावाने, त्याच जागी ठेवून दिली. यंत्राने त्याला विचारलं नाही, अडवलं नाही. अडवायचं नाही असाच त्याला हुकूम होता.

भाऊबीजेला ओवाळणं झालं, फराळाची ताटं आली आणि त्याने मोठ्या हौसेने ती फाइल लावली. आईचा आवाज खोलीत आला. इतका स्वच्छ, की ती शेजारच्या खोलीतून बोलते आहे असं वाटावं. ताईने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने ते तसेच मिटलेले ठेवून ती म्हणाली, “आवाज आईचाच आहे रे. पण जातं कुठं गेलं?”

खरंच, जातं नव्हतं. असा प्रोग्रॅम ध्वनीतला एकसारखा चालणारा भाग हेरतो आणि तो आवाजातून वजा करतो. पंख्याची घूं घूं, फितीची खरखर आणि जात्याची घरघर त्याच्या लेखी सारखीच. ताई म्हणाली, “त्या दिवशी खुंट्याला आईच्या हाताबरोबर माझा हात होता. ती गात होती, मी नुसती ओढत होते. त्या घरघरीत मी होते रे.”

नातवाने हातातली चकली ताटात ठेवली. त्याला कुणी काही बोललं नाही आणि बोलण्यासारखं त्याने काही केलंही नव्हतं. ताईनेच त्याला जवळ घेतलं. उरलेल्या पाच फायलींत जातं शाबूत होतं, हे तिला लावून दाखवलं. पण पहिल्या ओवीतलं जातं गेलं ते गेलं. मला राहून राहून वाटत होतं, त्याने जे केलं ते मायेने केलं. माया कमी पडली नव्हती; ‘नाही’ म्हणणारं कुणीतरी कमी पडलं होतं. आणि ते ‘नाही’ म्हणण्याचं काम माणसापेक्षा यंत्राने केलेलं बरं. यंत्राच्या नकाराने कुणाचं मन दुखत नाही.

पाहुणे गेल्यावर मी यंत्रापुढे बसलो. आयुष्यभर दिवाणी कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला एक सवय असते : भांडण कशाचंही असो, आधी कागद पाहायचे. म्हणून आधी दारावरचा रखवालदार पाहिला. लिनक्सच्या दारात विंडोज आणि मॅकवाल्यांशी बोलायला जो उभा असतो, त्याचं नाव साम्बा. त्याची जन्मकथा मला फार आवडते.

संगणकांनी एकमेकांच्या फायली मागायची एक बोली १९८०च्या दशकाच्या आरंभी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी घडवली. तिचं आद्याक्षरी नाव एसएमबी. पुढे विंडोजने ती आपलीशी केली. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा एक विद्यार्थी होता. दोन यंत्रं तारेवरून एकमेकांशी काय बोलतात ते त्याने कान देऊन ऐकलं आणि १९९२च्या जानेवारीत आपला प्रोग्रॅम लोकांना देऊन टाकला. आपली रीत समजावताना त्याने पुढे फ्रेंच उपाहारगृहाचा दाखला दिला. भाषा येत नाही, पुस्तक नाही, तर उपाहारगृहात जाऊन बसावं. कोण काय मागतं आणि वाढपी काय आणून ठेवतो, ते पाहत राहावं. हळूहळू भाषा कळते. सासरी आलेली नवी सून घर शिकते ती याच रीतीने, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो खूश झाला असता. प्रोग्रॅमचं आधीचं नाव बदलावं लागलं, तेव्हा त्याने संगणकातल्या शब्दसंग्रहात एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यांत ब्राझीलमधल्या नाचाचं हे नाव निघालं. त्या बोलीची अधिकृत कागदपत्रं साम्बाच्या मंडळींना रीतसर मिळाली ती युरोपीय आयोगाच्या २००४ सालच्या निकालानंतर, २००७च्या डिसेंबरात. तोवर पंधरा वर्षं सारा संसार ऐकीव भाषेवर चालला होता, आणि चांगला चालला होता.

तर या साम्बाच्या दारात पहिला खुलासा झाला. यंत्र माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतं. उबुंटूमध्ये पहिल्या माणसाचा क्रमांक १०००, मॅकवर ५०१, आणि विंडोजमध्ये तर एका ओळीत मावणार नाही एवढी लांबलचक खूण. म्हणजे एकच सूनबाई तीन यंत्रांवर तीन वेगळ्या बायका. साम्बा दारात नाव आणि पासवर्ड विचारतो आणि मग आत सांगतो, ही आपलीच. पण त्याची वही स्वतंत्र असते. सूनबाईंचं नाव लिनक्सच्या वहीत होतं, साम्बाच्या वहीत नव्हतं. म्हणून त्यांना दारातून परत जावं लागे. ते नाव घातलं आणि त्यांचा पहिला अडसर गेला.

दुसरा खुलासा असा की दारं दोन असतात. एक साम्बाचं बाहेरचं, एक फायलींच्या हक्काचं आतलं. दोन्ही उघडी असतील तरच प्रवेश; एकाने ‘ये’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘नको’, तर ‘नको’ हेच खरं. विंडोजमध्येही नियम हाच आहे. सासूने होकार दिला तरी सासऱ्यांचं व्हायचं असतं, तसं.

मग ‘घर’ नावाचा एक गट केला आणि सर्वांना त्यात घातलं. कोठाराच्या कपाळी दोनाचा एक जादा आकडा लिहिला. त्याचा गुण असा, की त्या फोल्डरात जे जन्माला येईल ते आपोआप ‘घर’ या गटाचं होतं. निर्माण कुणीही केलेलं असो, कुळाचं नाव लागतं. नव्या फायलीवर साम्बा मुळात लिहिण्याचा हक्क देतो तो एकट्या मालकाला. तो गटालाही द्यायला सांगितलं. काना-मात्रा अडत होता तो इथे. बिलं, पावत्या, सामानाच्या याद्या आता सर्वांच्या झाल्या.

आईच्या ओव्या मात्र मी वेगळ्या काढल्या. त्या सर्वांना ऐकता याव्यात, पण बदलता कुणालाच येऊ नयेत. इथे युनिक्सची एक खोच आहे. फाइल पुसून टाकण्याचा हक्क त्या फायलीवर लिहिलेला नसतो. ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर लिहिलेला असतो. बरणीला झाकण घट्ट लावलं तरी फडताळ ज्याच्या ताब्यात, तो बरणीच उचलून नेऊ शकतो. म्हणून फाइल आणि फोल्डर दोन्हींवरचा गटाचा लिहिण्याचा हक्क काढला, आणि दोन प्रती वेगळ्या डिस्कवर घेऊन एक ताईकडे पोचवली.

एवढं करून सगळ्यांना हाका मारल्या, तर काय! एकालाही कोठारात पाऊल टाकता येईना. साम्बाची वही बरोबर, गट बरोबर, फोल्डरावरचे आकडे बरोबर. मग अडतं कुठे? दोन दिवस मी तो विचार डोक्यात घेऊन पर्वतीला गेलो-आलो. आणि एका सकाळी पायऱ्या उतरताना मला आमची वाईची विहीर आठवली.

आमच्या वाड्यामागे एक बिऱ्हाड होतं. विहिरीच्या पाण्यावर त्यांचा हक्क, पण विहिरीकडे जाणारी वाट आमच्या अंगणातून, ओसरीच्या कडेने. त्या घरच्या काकू सकाळ-संध्याकाळ घागर घेऊन जात. तुळशीचं पान त्यांनी कधी तोडलं नाही, माजघरात कधी डोकावल्या नाहीत. ओसरीवर बसायला त्यांना आमंत्रण लागे. चालायला लागत नसे. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, वहिवाट. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात तिची व्यवस्था आहे. उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून वीस वर्षं अखंड वापरलेली वाट पुढे बंद करता येत नाही. कोर्टात असल्या दाव्यांचे मी किती कागद शिवले असतील! जमीन तुमची, पण चालणं त्यांचं. आणि ती वाट अडवली, तर विहिरीवरचा हक्क कागदावर कितीही पक्का असो, घागर कोरडीच राहते.

युनिक्सचा तो तिसरा, एका गुणाचा हक्क फोल्डराच्या बाबतीत नेमका हाच आहे. चार म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी पाहणं. दोन म्हणजे आत काही ठेवणं किंवा काढणं. आणि एक म्हणजे नुसतं पार जाणं. आमचं कोठार माझ्या खाजगी फोल्डराच्या पोटात होतं. त्या तरुणाने घातलेले सात मी पुसले आणि मूळचा आकडा लावला, ७५०. उबुंटूच्या २०२१ सालच्या एप्रिलमधल्या आवृत्तीपासून नव्या माणसाच्या खाजगी फोल्डराला हाच आकडा मिळतो. त्याआधी तो ७५५ असे. म्हणजे विहीर सर्वांची, पण माझ्या ओसरीवरून चालायला बंदी. मी घरी आलो आणि शेवटच्या शून्याच्या जागी एक लिहिला. ७५१. माझं सामान कुणाला दिसणार नाही, कुणाला हलवता येणार नाही. पण ज्याला आपलं ठिकाण ठाऊक आहे तो माझ्या अंगणातून आपल्या विहिरीला जाईल. पुढच्या मिनिटाला आतल्या खोलीतून सूनबाईंचा आवाज आला, “बाबा, उघडलं हो!”

त्या दिवसापासून मला वाटू लागलं आहे की एकत्र कुटुंबं टिकली ती सगळं सगळ्यांचं होतं म्हणून नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांना न शिकवता ठाऊक होतं, कुठे नुसतं चालायचं, कुठे पाहायचं आणि कुठे हात लावायचा. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. यंत्रापुढे बसलं की ते लिहावं लागतं, आणि लिहिताना कळतं की मायेच्या माणसांतही हे तीन हक्क वेगळेच असतात.

हे सारं चाललेलं ही दुरून पाहत होती. एका दुपारी निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, “अहो, माझी एक वही आहे. थोडं थोडं लिहिते मी. त्यात ठेवली तर कुणी वाचणार नाही ना?”

लग्नाला आमच्या सेहेचाळीस वर्षं झाली. ही काही लिहिते, हे मला त्या दुपारी कळलं. मी तिच्या नावाचं फोल्डर केलं, ७००. मालकाला सात, गटाला शून्य, जगाला शून्य.

“तुम्हांलासुद्धा नाही?” तिने विचारलं.

कोर्टात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला इथे अर्धसत्य बोलवेना. यंत्राच्या कारभाऱ्याला, ज्याला रूट म्हणतात त्याला, हे आकडे अडवत नाहीत. आणि आमच्या यंत्राचा कारभारी मी. मी तसं सांगितलं. मजकूर सांकेतिक लिपीत बंद करून ठेवायची सोय आहे, मग किल्ली तुझ्याचजवळ, मलाही उघडता येणार नाही, हेही सांगितलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तांदळाचं ताट पुन्हा पुढे ओढलं.

“एवढं नको. तुम्ही उघडणार नाही, तेवढं पुरे.”

कायद्यात वाट वापरून वापरून हक्क पक्का होतो. हा एक हक्क मात्र मी रोज न वापरून सांभाळतो आहे. आतापर्यंत इतकी नाजूक जबाबदारी माझ्यावर कुठल्या न्यायाधीशानेही टाकली नव्हती.

यंदा दिवाळीआधी नातू ताईकडे चार दिवस राहून आला. तिच्या अंगणात जुनं जातं पडून होतं, ते दोघांनी धुऊन मांडलं. ऐंशी ओलांडलेली ताई गायली. खुंट्याला दोन हात होते, एक तिचा आणि एक त्याचा. त्याने ध्वनिमुद्रण केलं आणि यातली घरघर काढायची नाही, असं फायलीच्या नावातच लिहून ठेवलं. ती फाइल आता आईच्या ओव्यांशेजारी आहे. मालक तो. आकडे त्यानेच घातले आहेत. मला ती हवी तितक्या वेळा ऐकता येते. बदलता येत नाही.